दाजींचा काटा कोणत्या वारी?

आमच्या दाजींना बोलताना वाक्याचा शेवट सापडला, असं उभ्या परभणी जिल्ह्यात कुणी पाहिलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. देवगाव फाट्याजवळ त्यांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी आहे. कापसाच्या भावावरून निघालेले दाजी म्हशीच्या दुखण्याला वळसा घालून व्याह्यांच्या गुडघ्यापाशी पोचतात आणि आपल्यालाच विचारतात, "मी काय सांगायलो व्हतो?" माझ्या लग्नाच्या बोलणीला त्यांना पुढं केलं होतं. दुपारभर बोलले. लग्न ठरलं की मोडलं हे मुलीकडच्यांना कळेना, म्हणून त्यांनी सरळ पानं वाढली.

दर हंगामात कापसाची खरेदी सुरू होताना काटापूजन, म्हणजे वजनकाट्याची पूजा असते. त्याची खबर दाजी स्वतःच्या आवाजात मोबाइलवर भरून गावोगाव धाडायचे. "सोमवारी काटा सुरू. न्हाई, थांबा, हिला इचारतो." स्वयंपाकघरातून अक्का ओरडायची, "अवो, मंगळवार!" ही झटापट जशीच्या तशी पार वालूर गावापर्यंत पोचायची. तरी अर्धे लोक सोमवारी येऊन चहा पिऊन जायचे.

एका वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर जिनिंगला आग लागली. जळाली कापसाची एकच गंजी, पण बोभाटा भलताच झाला. दाजी बोलले तर आणखी घोटाळा होईल, म्हणून त्यांच्या पुण्याच्या लेकीनं कुणा भारदस्त आवाजाच्या माणसाकडून निवेदन करवून गावोगाव धाडलं. "आदरणीय शेतकरी बांधवांनो, उद्भवलेल्या परिस्थितीबाबत..." ते ऐकून मला उगाच सुतक लागल्यासारखं वाटलं. काटापूजनाला एकही ट्रॅक्टर आला नाही. हंगाम गेला तर जिनिंगला कुलूपच लागणार होतं. दाजी हारातली फुलं खुडत बसले होते आणि मला त्यांच्याकडं पाहवत नव्हतं.

दुपारी वालूरचे एक म्हातारे शेतकरी तोंड पाडून अक्काला भेटायला आले. ओसरीवर दाजींना पाहून दचकलेच.

"मालक, तुमी हायेत की! मंग त्यो कोन बोलायलाय? गावात म्हनायलेत, मालक आगीत गेले, न्हाईतर जिनिंग तरी इकली."

"मी गेलो?" दाजींनी गोंधळून अक्काकडं पाहिलं. तिनं नुसता मोबाइल पुढं केला.

"ऐका हो, मी बोलायलोय. आग लागली ते खरं हाय. ओला कापूस मीच गंजीत टाकू दिला, त्यो आतून तापून पेटला, चूक माझी. मी लय... मी काय सांगायलो व्हतो? हां, न्हाई मेलो. काटा शाबूत हाय. उद्या या. उद्या वार कोन्ता गं?"

सकाळी फाट्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागली. असल्या बोलण्यावर लोक वर्षाचा कापूस कसा आणून ओततात, हे मला अजून उमगलेलं नाही. लेकीनं मात्र त्या भारदस्त माणसाचं पुन्हा नाव काढलं नाही.

अक्का जाऊन आता वर्ष होईल. यंदा दिवाळीनंतर मोबाइलवर दाजींचा आवाज आला. "सोमवारी काटा सुरू. न्हाई, थांबा, हिला इचारतो." पुढं बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग दाजी म्हणाले, "दोन्ही दिवस या."

सोमवारी सगळं वालूर आलं होतं. मंगळवारीही आलं.