साडूंच्या डिकीतली पेटी

माणगावपासून अलिबागपर्यंत ज्या गाडीच्या काचा थरथरतात, तिच्यात माझ्या मोठ्या साडूंनी बनवलेली वूफरची पेटी असते. आणि जिच्या थरथरत नाहीत, तिचा मालक आज ना उद्या त्यांच्याकडे येणार असतो. निदान साडूंचं तसं ठाम मत आहे. माणसाची पारख ते डिकीवरून करतात. माझ्या डिकीत नुसती स्टेपनी आणि छत्री बघून त्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरात समदं बरं हाय ना?"

एकदा प्लायवूड घ्यायला मी त्यांच्याबरोबर माणगावला गेलो आणि पस्तावलो. कलिंगड निवडावं तशी प्रत्येक फळी बोटाने वाजवत त्यांनी अख्खी सकाळ घालवली. पेटी चारी बाजूंनी बंद ठेवायची की तिला हवेसाठी भोक पाडायचं, हा त्यांच्या लेखी सोयरीक जुळवण्याएवढा गंभीर प्रश्न. "बंद पेटी शानी असते, पर भोकाची पेटी जीव लावते," असं त्यांचं म्हणणं. पेटीत हवा किती मावते याचा हिशेब बाकीचे लोक फोनवर करतात. साडू कणगीतलं भात पेटीत ओततात आणि पायलीने मोजून परत काढतात. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेल्या या माणसाचा लिटरवर काडीचा विश्वास नाही. एका वरातीच्या गाडीची पेटी झटकायला मात्र ते विसरले. पहिलं गाणं लागलं आणि भोकातून तुसासकट दाणे उडाले ते थेट नवरीच्या डोक्यावर. तिच्या आत्याने अक्षता समजून हात जोडले म्हणून बरं.

या सगळ्याला विटलेलं माणूस एकच, साडूंची बायको, म्हणजे माझी मोठी मेव्हणी. आम्ही तिला ताई म्हणतो. "बंद करा ती धडधड," म्हटल्याशिवाय ती गाडीत बसायचीच नाही.

मग ताईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी साडूंनी डिकीतली पेटी उपसून गोठ्यात नेऊन ठेवली. डॉक्टर तसं काही बोलले नव्हते, हे मी सांगूनही पाहिलं. "तिच्या छातीला धक्का नको," एवढंच साडू म्हणाले. पुढे चार महिने त्यांनी कोणाचं काम घेतलं नाही. घरातसुद्धा कुजबुजल्यासारखे बोलायचे. मला त्यांचा रागच यायचा. भीती मलाही वाटत होती, पण त्यांच्याकडे बघून ती दुप्पट व्हायची.

ताईला जरा बरं वाटल्यावर आम्ही चौघं पालीला दर्शनाला गेलो. गाडीत चिडीचूप. साधा खड्डा दिसला तरी साडू गाडी जवळजवळ थांबवायचे. परतीच्या वाटेवर ताई एकदम रडायलाच लागली. साडूंनी घाबरून गाडी कडेला घेतली.

"दुखतंय काय गो?"

"दुखत न्हाय," ती म्हणाली. "पर या गाडीत बसले का वाटतं, माझं काय खरं न्हाय, आनि तुमी मला सांगत न्हाय. ती पेटी आना बगू परत."

साडू तिच्याकडे वळले. आणि ओरडलेच, "बरी हायस तू! देवाशप्पथ बरी हायस!" पलीकडचा शहाळेवाला कोयता थांबवून आमच्याकडे बघायला लागला. चार महिन्यांनी त्यांचा खरा आवाज ऐकून माझेच डोळे भरून आले.