कम्प्युटर गरम होईपर्यंत

मी जिंदगीभर टरक चालवला. वणीच्या खदानीतून कोळसा भरायचा, चंद्रपूरकडं खाली करायचा, वापस. शाळेत गेलतो, नाही असं नाही. पण मास्तरनं पयल्याच वर्षी वळखलं का ह्या गड्याले इथं ठेवून दोघायचाही टाइम खराब होऊन राह्यला. अक्षरं मी मैलाच्या दगडावर शिकलो. म्हणून 'वरोरा' मले झटक्यात वाचता येते, अन् औषधाच्या बाटलीवरचं काहीच येत नाही.

आता गुडघे गेले, टरक गेला, अन् घरी कम्प्युटर आला. पोरीचा होता. लग्नानंतर जवायासंगं जर्मनीले जाताना ती ठेवून गेली. मी त्याच्यावर फडकं टाकलं अन् फडक्यावर पंचांग ठेवलं. चांगला टेबल झालता.

मंग बुढीचे, म्हणजे माह्या बायकोचे, डोळे बिघडले. शुगर होतीच, शुगरनं डोळे धरले. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं का डोळ्याच्या पडद्यावर रक्त सांडून राह्यलं. लेझर मारला, पुन्हा मारला. अन् एक दिवस मले बाजूले घेऊन म्हणे, "काका, यांना जे पाहायचं असेल ते लवकर दाखवून घ्या."

मी म्हणलं, "साहेब, मले पाहून पाहूनच तर गेले तिचे डोळे."

डॉक्टर हासला नाही. दरवाजा उघडाच होता, बुढीनं सारं ऐकलं. बसमधी वापस येताना ती एवढंच बोलली, "मले नात पाहायची हाये."

नात तिकडंच झालती. पोरगी-जवाई दिवाळीले येतो म्हणत होते, पण लेकराच्या कागदपत्राचं काही अडलं होतं. मोबाइलवर दाखवलं तर बुढीले माणूस का मुंगी समजे ना. म्हणून पंचांग उचललं, फडकं काढलं, अन् मोठ्या पडद्याचा कम्प्युटर लावला.

पोरगी तिकडं सकाळी लेकराले पाळणाघरात सोडून कामावर जाते. निघायच्या आधीचा जो थोडासा टाइम, तो आमचा. इकडं तवा आमचं दुपारचं जेवण झालं राहे. मी हात धुवून कम्प्युटर चालू करो, अन् नेट असं चाले जसा चढावावर ओव्हरलोड टरक. लेकराचं तोंड चौकोनाचौकोनात तुटे. एक डोळा इथं, एक कान तिथं. बुढी पडद्याले नाक लावून म्हणे, "अवो, हे लेकरू हाये का मोरीची फरशी?"

"फरशीच होय. जवायानं तिकडं घर बांधलं असन."

"तुमच्या जिभेले काही हाड!"

अन् चार वाजता पाहावं तर नेट सुसाट. पण तवा पोरगी कामावर. मंग मी एकटाच पत्ते खेळत बसो, अन् कम्प्युटरसंगंही हरो.

मले यात काही नवल वाटलं नाही. थंडं इंजिन पिकअप घेत नाही, हे कोणालेही मालूम. थंडीचेच दिवस होते. मी सकाळपासून कम्प्युटरच्या डब्ब्यावर बुढीची लाल शाल पांघरून ठेवली. पोरीले ती मागं दिसली.

"बाबा, ते लाल काय होय?"

"शाल. गरम करून राह्यलो त्याले."

"अवो बाबा! काढा ती, जळन तो!"

शाल काढली. तासभर आधी चालू करून पाह्यलं, तरी तेच. नेटवाल्याले बोलावलं. त्यानं आपल्या मोबाइलवर पाह्यलं अन् म्हणे, "काका, लाइन चोख हाये. तुमचा कम्प्युटरच काही ओढून राह्यला."

"काय ओढते?"

"ते मले काय मालूम? मी लाइनवाला." चहा पिऊन गेला.

आता राह्यला जवाई. जवाई कम्प्युटरातलाच माणूस. पण आमच्याकडं सासऱ्यानं जवायापुढं अडाणी दिसू नये. जवाई घरी आला का सासरा त्याले खुर्ची देते, त्याच्याजवळून शिकवणी घेत नाही. तो फोनवर एवढ्या अदबीनं इचारे का मले 'नाही' म्हणाले तोंडच उघडे ना.

"मामाजी, राउटर बंद-चालू करून पाह्यलं?"

"हाव, पाह्यलं." राउटर कोणता ते मी बुढीले इचारणार होतो, पण तिलेही कुठं मालूम.

"अपडेट बाकी हाये असं काही दाखवते का?"

"नाही नाही, तसं काही नाही."

"अन् बंद करताना बरोबर शटडाऊन करता नं?"

"हाव तर! रोजच्या रोज."

जवाई बिचारा तिकडं डोकं खाजवे. पेशंट म्हणते सारं बरोबर हाये, मंग डॉक्टर काय करन? असं करता करता संक्रांत गेली, शिमगा आला.

त्या मधात बुढीनं तांदूळ निवडणं सोडलं. म्हणे, कंटाळा येते. मी म्हणलं, बरं झालं, खड्यानं दात घासल्या जाईन. मंग तिनं सुईत दोरा ओवणं सोडलं. मंग अंगणात एकटं जाणं. मले समजत नव्हतं असं नाही. पण समजलं असं दाखवून करतो काय? म्हणून मी गंमत करो. तीही हासे, पण आता माह्या तोंडाकडं पाहून नाही, नुसतीच हासे.

एक दिवस जवायाचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता, बुढी खाटेवर बसली होती. त्यानं तेच इचारलं, मी तेच 'हाव' म्हणलं. बुढी जवायासंगं सरळ बोलत नाही. लग्नापासून डोक्यावर पदर घेऊन "जवायाले म्हणा" असं मलेच सांगे. त्या दिवशी पदरही नाही घेतला.

"जवाईबापू, हे खोटं बोलून राह्यले. हे काहीच करत नाहीत. चालू कम्प्युटरचं भितीवरचं बटन मारतात. रोज खट आवाज येते."

आता हे खरं होतं. टरक उभा केला का डायवर पयले बॅटरीचा मेन कट करते. नाही तर सकाळी बॅटरी डाऊन अन् मालकाच्या शिव्या. माह्या हाताले तेच वळण. आजकालची पोरं बटन चालू सोडून जातात, मी नाही, म्हणून मले तर वरून घमंड होता.

जवाई म्हणे, "काही हरकत नाही मामाजी." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानं समजावलं. कम्प्युटर चालू झाला का आपलं नवीन सामान नेटवरून उतरवाले लागते. सारं नेट तेच खाते, म्हणून पोरीचं चित्र तुटते. सामान उतरलं का बंद होता होता तो ते आत बसवते. "तुम्ही त्याले बंद होऊच देत नाही मामाजी, लाइटच काढता. ते सामान खराब होते, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पयल्यापासून." म्हणजे मी रोज टरक भरो अन् खाली करायच्या आधीच खदानीत वापस नेवो. बुढीच्या अन् नातीच्या मधात आडवा टरक लावून मीच बसलो होतो.

त्याच दुपारी, जसं जवायानं सांगतलं तसं, सामान सारं उतरू दिलं अन् मंग 'शटडाऊन'वर बाण नेऊन दाबलं. पडदा निळा झाला, त्यावर गोल गोल काही फिरे. "आता हात नका लावू," जवाई म्हणे. मी बटनाखाली खुर्ची टाकून बटनाची राखण करत बसलो. राखण कोणापासून, तर माह्यापासून. लाइटही गेली नाही त्या दिवशी. दिवे लागायच्या टायमाले तो आपल्या मनानं बंद झाला.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं अन् कम्प्युटरवर फोन लावला. काय सांगू! काचेतून पाहावं तशी पोरगी समोर, अन् तिच्या मांडीवर नात. खालचे दोन दात. हनुवटीवर लाळ. भुवई एवढी बारीक का मले तिचे केस मोजता आले असते.

"आई, दिसली का वं?" पोरीनं इचारलं.

"दिसली वं माय! चोख दिसली. दृष्ट काढ तिची." बुढी तोंडभरून हासली.

अन् ती पाहून कुठं राह्यलती? टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आवाजाचा डब्बा होता, त्याच्याकडं. पोरीचा आवाज तिथून येत होता.

"आई, तिकडं कुठं पाहून राह्यली? इकडं पाह्य नं."

मी वाकलो, डब्बा हळूच सरकवला अन् पडद्याखाली मधोमध ठेवला. बुढीचं तोंड आवाजामागं फिरलं अन् नातीसमोर आलं.

"हां, आता बरोबर," पोरगी म्हणे. तिच्या डोळ्यात पाणी होतं. जवाईही मागून वाकून हासला, म्हणे, "मामाजी, झालं नं काम?"

"झालं जवाईबापू. एक नंबर झालं."

फोन ठेवल्यावर बुढी म्हणे, "पोरीले सांगू नका. लेकरू सोडून पळत येईन." मी म्हणलं, बरं. शिमग्याच्या आधी जमलं असतं तर तिले काही दिसलं असतं का, हे मी डॉक्टरले अजून इचारलं नाही. इचारणार बी नाही.

"आता सांगा, कशी हाये? खोटं नका सांगू."

"नाक माह्यावर गेलं."

"बिचारी," ती म्हणे. मंग इचारलं, "हासते कशी?"

टरकाचा कोणताही पार्ट मी अंधारात सांगन. हे सांगता येईना. मी तिचा हात धरला, माह्या तोंडावर ठेवला, अन् नात हासली तसा हासून दाखवलं. ओठ वर, गाल गोळा, डोळे बारीक. ती बोटं फिरवत राह्यली. गालावरून, डोळ्याखालून, पुन्हा गालावर.

"दाढी करत जा आधी," ती म्हणे, अन् तोंड भितीकडं करून झोपली.