ओली शेपूट

पुस्तकांच्या प्रदर्शनात एक चिमुरडी माझ्या पुस्तकातल्या मांजरावरून बोट फिरवत होती. "काका, शेपूट ओली कशी काढलीत?"

मी फक्त लिहिलं होतं, ‘मांजर घरी आलं.’ ते भिजून, ओशाळून दारात थबकलं, हे चित्रकार वसुधाताईंचं. आयुष्यभर त्या मुलांसाठी चित्रं काढत आल्या, आणि मुखपृष्ठावर ठळक नाव एकटं माझं! त्यांचं आत, किमतीखाली, मुंगीएवढं.

मुखपृष्ठावरच्या नावावर बोट ठेवत मी शेजारी उभ्या प्रकाशकांकडे पाहिलं. "अहो, पद्धतच आहे तशी," ते हसले.

कसली डोंबलाची पद्धत! पण छापण्याआधी मुखपृष्ठ मलाही दाखवलं होतं, आणि मी फक्त माझ्या नावाचा रंग बदलायला सांगितला होता.

"मी नाही काढली, बाळा."

"मग तुम्ही काय केलंत?"