सोळा उरले होते

मला मिरज स्टेशनवर सोडायला आलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी येईपर्यंत फक्त बॅगांच्या वजनावर बोलत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत म्हणाले, "तिकडे कोणी काही चांगलं केलं तर दाद दे. गप्प बसू नकोस." अण्णा गावात गाणं ऐकणारे म्हणून प्रसिद्ध. पहिल्या रांगेत त्यांची मान हलली नाही तर गवई कासावीस होतात, असं ते स्वतःच सांगतात. ती मान मला वारशाने मिळाली. २००१ साली मी ती घेऊन मिशिगनमधल्या नोव्हायला आलो आणि गाड्यांचे पार्ट डिझाइन करू लागलो.

तुम्ही मिरजेचे सगळे फोनवर विचारता, करमतं का? मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं अजिबात करमलं नाही. शुक्रवारी ऑफिसात "हॅव अ गुड वीकेंड" म्हटलं की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जायचो, तिथे सगळे मॉर्गेज आणि ग्रीन कार्डावर बोलायचे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

माझ्या अपार्टमेंटच्या खालून रोज संध्याकाळी तीन-तीनच्या गटात ठकठक यायची. एकदा वैतागून तक्रार करायला गेलो आणि जेवूनच वर आलो. खाली लुक राहायचा. बेल्जियमचा, चाळिशीचा, एकटा. चौदाव्या वर्षापासून मामाच्या कॅफेत डार्ट्स, म्हणजे भिंतीवरच्या गोल बोर्डावर छोटे बाण मारायचा खेळ, खेळून तयार झालेला. आठवडाभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि शनिवार-रविवारी स्पर्धांना जायचा. बेल्जियममध्ये त्याच्याहून भारी खूप होते, म्हणून तो अमेरिकेत आला होता. हे तो स्वतःच हसत सांगायचा.

मग मीही त्याच्याबरोबर ड्राइव्ह करून जाऊ लागलो. ओहायो, इंडियाना, कुठकुठले हॉल. या खेळात दर पाळीला तीन बाण टाकत पाचशे एक गुणांवरून बरोबर शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा बाण बाहेरच्या बारीक, दुप्पट गुणांच्या दुहेरी कड्यात बसावा लागतो. बोर्डाशेजारी एक जण खडूने वजाबाक्या मांडत उभा असतो. माझे पाढे पक्के, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. त्याचा नियम एकच: खेळाडू बाण टाकत असताना पुतळा व्हायचं. तोंड बोर्डाकडे, हालचाल नाही. चार वर्षं मी उत्तम पुतळा होतो.

२००७ च्या सप्टेंबरात निवड-सामना होता. जिंकला तर लुकला व्यावसायिक स्पर्धांत जागा मिळून पुढचं वर्षभर फक्त खेळायला मिळणार होतं. हरला तर परत जाऊन भावाच्या बेकरीत कामाला लागायचं, असं त्याने घरी कबूल केलं होतं. खरं तर मीच जास्त घाबरलो होतो. तो गेला असता तर नोव्हायमध्ये मला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नसतं.

शेवटच्या डावात त्याला एकशे छत्तीस हवे होते. पहिला बाण तिहेरी वीसमध्ये, साठ. दुसरा त्याला चिकटून, पुन्हा साठ. सोळा उरले. म्हणजे दुहेरी आठ, त्याचं आवडतं घर. आणि माझी मान हलली. सम गाठल्यावर अण्णांची हलते तशी, पूर्ण, डोळे मिटून. तिसरा बाण तारेबाहेर गेला. समोरच्याने पुढच्या फेरीत सामना संपवला.

लुकने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, बाण माझा होता, चुकला. परतीच्या तीन तासांत तो बेकरीतल्या पावांबद्दल बोलत होता. मान हलल्याचं मी सांगितलं नाही. पुढचा महिनाभरही नाही. अण्णांनाही कधी सांगितलं नाही.

एअरपोर्टवर त्याला सोडायला गेलो तेव्हा मात्र राहवलं नाही. विचारलं, माझी मान हलली ते तू पाहिलंस का?

"पाहिलं," लुक म्हणाला.

मग बोलला का नाहीस?

त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "सहा वर्षं इथे खेळलो. माझ्यामुळे कोणाला एवढा आनंद झालेला पहिल्यांदाच दिसला. बाण सोडताना बोर्डाऐवजी तुझ्याकडेच बघत राहिलो."

तो आत गेला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. मिरज सोडताना रडलो नव्हतो.

त्याला आता वर्ष होत आलं. खाली एक जोडपं राहायला आलंय, फार शांत आहे. मला मध्यंतरी प्रमोशन मिळालं. तुमच्या सगळ्यांच्या मेल आल्या, ऑफिसात केक कापला, मंडळातल्या एका काकूंनी फोन करून अभिनंदन केलं. मी सगळ्यांना थँक यू म्हटलं आणि घरी येऊन भात लावला. पूर्वी घर म्हटलं की मला मिरजेचा पत्ता आठवायचा. आता वाटतं, आपलं काही बरं झालं की ज्याच्या चेहऱ्यावर लगेच आनंद दिसतो, तो माणूस असेल तिथे घर. त्या हिशेबाने मी सध्या बेघर आहे.