कमलताईंची तक्रार

कमलताई तोंडात टाचण्या धरूनच बोलायच्या. दोन-तीन टाचण्या ओठांच्या कोपऱ्यात, हातात कुणाचा तरी ब्लाउज, आणि तरी शब्द स्पष्ट. अंबडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा गेल्यावर दोन मुली त्यांनी शिलाईवरच शिकवल्या. मी शाळेत शिक्षक, म्हणून त्यांच्यासाठी 'सर'.

पिको-फॉलसाठी मोटरची मशीन घ्यायची होती, तेव्हा मीच त्यांना जालन्याला माझ्या बायकोच्या मावसभावाच्या दुकानात नेलं. "वर्षाच्या आत काही झालं तर बदलून देतो," तो माझ्यासमोर म्हणाला. तिसऱ्याच आठवड्यात मोटर जळाली. "तुम्हाला चालवता आली नाही," असं सांगून त्यानं हात वर केले.

ताई भांडल्या नाहीत. ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची ते जालन्याला जाऊन विचारून आल्या आणि मलाच समजावू लागल्या. "वकील लागतच न्हाई सर. आधी दुकानदाराला रजिस्टर पोस्टानं नोटीस द्यायची, पोचपावती जपून ठेवायची. मंग काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं, आपल्याला काय पाहिजे, एवढंच लिहायचं. रडगाणं लिहायचं न्हाई. बिलाची झेरॉक्स लावायची आन् सगळे संच बराबर लावायचे." अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.

बदलून द्यायचं बोलणं मात्र कागदावर कुठंच नव्हतं. "त्या दिवशी दुकानात परतूरची एक बाई आल्ती. तिला हुडकू का?" ताईंनी विचारलं.

"कशाला? मी आहे ना. मी देतो प्रतिज्ञापत्र," मी म्हणालो.

मग सासूबाईंचा फोन आला. मावसभावाचा आला. जेवायला वाढताना बायकोचा चेहरा मला दिसत होता. आयोगात प्रतिज्ञापत्र द्यायच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी ताईंना फोन केला. "परीक्षेच्या कामाला उद्या घनसावंगीला जावं लागतंय."

"मंग जा सर. नोकरी आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी घरातच बसून होतो. पुढच्या तारखेलाही असंच काहीतरी सांगितलं. तक्रार फेटाळली गेली. आश्वासनाला पुरावा नाही, असं निकालात लिहिलं होतं. ताई पुन्हा पायाच्या मशीनवर बसल्या. गुडघे दुखायचे, तेव्हा मध्येच उठून दारात उभ्या राहायच्या. मी शाळेत जायचा रस्ता बदलला.

तीनेक वर्षांनी माझ्या आईचं कानाचं यंत्र महिन्याभरात बंद पडलं आणि दुकानदार दाद देईना. तोवर ताईंकडं गावातली माणसं तक्रार लिहायला येऊ लागली होती. मीही गेलो. त्यांनी टाचण्या काढून डबीत टाकल्या, कागद मांडले, एकेक पान तपासलं. शेवटी विचारलं, "घेताना कोण होतं सोबत?"

"शेजारचे एकजण होते."

"मंग त्यांना आत्ताच विचारून घ्या सर. येणार असले तरच नाव टाका."

आवाजात टोमणा नव्हता. मला तेव्हाच सगळं सांगून टाकता आलं असतं. मी 'हो' म्हणालो आणि कागद उचलले. निकाल माझ्या बाजूनं लागला. पेढे घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "आईला येतं ना आता ऐकू? बस झालं मंग."

गेल्या वर्षी कावीळ होऊन ताई गेल्या. भेटायला गेलो तेव्हा थोरली मुलगी दारातच बसली होती. मला राहवलं नाही. "तुझ्या आईच्या तारखेला मी घनसावंगीला गेलोच नव्हतो," मी म्हणालो.

"आईला ठाऊक होतं सर," ती म्हणाली. "त्या दिवशी बसला जाताना आम्ही तुमच्या घरावरूनच गेल्तो. तुम्ही खिडकीत पेपर वाचून राह्यले होते. मी हाक मारणार होते. आईनं माझा हात धरला. म्हणली, नको, सरांना लाज वाटंल."