तेल लावलेलं डोस्कं

"डबा ओतून आणलाय का हिच्या डोक्यावर?"

डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत वरडली. बारामतीचा दवाखाना, नव्वद सालानंतरची गोष्ट. माझ्या मांडीवर माझी लेक, सोनी. तोंडातून शब्द न्हाय, नजरंला नजर न्हाय. आमच्या पळसदेवच्या नर्सबाईनं सांगितलेलं, "अशा पोरांच्या मेंदूवर संशोधन चाललंय, घिऊन जा." बास, एवढंच. तेल लावू नका असं कुणी बोललं न्हाय. अन् आमच्यात लेकरू चार माणसांत न्यायचं म्हंजी आधी डोस्कं चपचपीत करायचं, घट्ट येण्या घालायच्या. न्हायतर लोक म्हणत्यात, आय मेलीय का हिची?

सोनी दुसऱ्या कुणाला डोस्क्याला हात लावू द्यायची न्हाय. माझ्या हाताखाली तेवढी गप बसायची, डोळं मिटायची. आमचं दोघींचं तेच बोलणं.

तेलावर मेंदू तपासायच्या मशिनीच्या तारा चिकटंनात. मी म्हणलं, "बाई, मी धुती की डोस्कं." कोण ऐकतंय! दवाखान्यातल्या दोघांनी तिला दाबून धरलं, कात्रीनं जागोजागी केस कापलं. सोनी अशी किंचाळली, आजून कानात हाय. मी त्या बाईच्या पाया पडले. व्हय, पाया पडले. आठवलं की अंगाची लाही हुती.

मंग औषध पाजून निजवलं, तारा लावल्या. कागदावर रेघा उमटल्या. आडनाव सांगितलं तवाच बाईचं तोंड बदललेलं. आता इचारलं, "नवरा नात्यातला?"

"व्हय. आत्याच्याच घरात दिलीय मला."

ती शिकाऊ डॉक्टर पोरांकडं वळली. "बघा. यांच्यात असंच. नात्यात लग्नं करायची आणि मग अशी मुलं आणायची." पोरं हसली. बंगलेवाल्यांच्या घरातबी मामाच्याच पोरी सुना हायत्या. त्यांना असं कोण बोललं असतं?

"काय झालंय माझ्या पोरीला?"

"कळवू."

कळवलं न्हाय. नर्सबाईच्या दारात हेलपाटं घालून चपला झिजल्या.

पुढच्या साली जीप दारात आली. तीच बाई. "पुन्हा तपासायचंय. या वेळी तेल नको हं!" अन् हसली. सोनीनं तिला बघितलं, दोन्ही हात डोस्क्यावर ठेवलं अन् घरात कोपऱ्यात जाऊन बसली. ते बघितलं अन् माझं भ्याव गेलं.

"आधी सांगा, मागल्या खेपंला काय निघालं?"

"तुला सांगून काय कळणार? ते अभ्यासासाठी असतं."

"मंग न्हाय यायची पोरगी."

"नुकसान तुझ्याच मुलीचं होईल."

"ते झालंय. निघा."

जीप गेली. गल्लीतल्या बायका मलाच येडी म्हणाल्या.

सोनी काय बरी झाली न्हाय. आज बाई झालीय, तरी शब्द न्हाय. तिला काय झालंय ते मला आजून म्हाईत न्हाय. माझ्या मागं तिचं कोण? केस कापलं त्या दिसापासनं ती डोस्क्याला कुणाला शिवू देत न्हाय. मलाबी न्हाय.

रोज तेलाची वाटी घिऊन मी तिच्याम्होरं बसती. ती तोंड फिरवती. मी वाटी उचलून ठिवती. तिचं न्हाय म्हंजी न्हाय. डॉक्टर असू दे न्हायतर आय, तिच्या मर्जीबिगर त्या डोस्क्याला हात लागायचा न्हाय. मी जित्ती हाय तवर तर न्हायच.