चार बोटांचं पातं

सुरी निवडण्यात तीस वर्षं घालवलेला, आणि त्या तीस वर्षांत नदीकाठी बसून एक कांदासुद्धा न चिरलेला माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणत असू. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी शाळेत शिकवतो म्हणून मी 'मास्तर', आणि रागावले की 'तुम्ही मास्तर लोक'. मी एकटाच समोर उभा असताना माझे असे अनेक लोक झाले, की समजावं पारा चढलाय. ते गेले त्याला आता दुसरा हिवाळा लागला, आणि खरं सांगायचं तर अजून कुणी 'मास्तर' म्हणून हाक मारली की मी चुकीच्या माणसाच्या आशेनं मागे बघतो.

भाऊजी सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. जंगलाचे, नाल्यांचे, नदीचे. बिरसा गावाकडचा कुठला नाला कुठल्या नाल्याला कुठे मिळतो हे ते डोळे मिटून सांगत, पण त्यातला एकही त्यांनी पाहिलेला नव्हता. कचेरीतली बाकीची मंडळी दौऱ्यावर जायची आणि हे टेबलावर वाकून बसायचे. लामता गावाच्या पुढे वैनगंगा एक मोठं वळण घेते. ते वळण त्यांनी नोकरीत किती वेळा काढलं याला गणती नाही. "तिथं आलं का माही पेन आपोआप धीमी होते, मास्तर," असं ते म्हणायचे. एक दिवस त्या वळणावर जाऊन बसायचं, काड्या गोळा करून चूल पेटवायची, वांगं भाजायचं, कांदा चिरायचा, जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, एवढीच त्यांची इच्छा. सोबतीला मी. तीस वर्षं हे सगळं ठरलेलं होतं. फक्त सुरी मिळायची राहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, कांदाच चिरायचा तर घरातली सुरी पिशवीत टाकली असती. मीही सुरुवातीला एकदा तसं म्हणालो होतो. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी पाढे विसरलेल्या पोराकडे पाहतो. मग दीड तास मला शिकवलं. घडीचा चाकू त्यांना वर्ज्य. "जे मिटते त्याचा भरोसा नाही. ऐन टायमावर आपल्याच बोटावर मिटते." पातं चार बोटांचं, म्हणजे आपला पंजा जेवढा रुंद तेवढंच, त्यापेक्षा लांब पातं दाखवणाऱ्या दुकानदाराला ते शांतपणे सांगायचे, "भैया, बाघ नहीं मारना है, प्याज काटना है." पात्याचं लोखंड मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं पाहिजे, नाहीतर ओल्या लाकडाला जोर लावला की पातं एकीकडे आणि आपण एकीकडे. पण ही सगळी चिल्लर कलमं. खरी गोष्ट मूठ. "धार तर कोणीबी लावून देते. मूठ आपल्या हाताची पाह्यजे." बोटांसाठी खाचा कोरलेली देखणी मूठ कुणी पुढे केली की त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. "ह्या खाचा कोनाच्या बोटाच्या होत? माह्या तर नाहीत."

नवी सुरी घरी आली की तिची परीक्षा व्हायची, आणि परीक्षेचा सगळा भार बिचाऱ्या बटाट्यांवर पडायचा. भाऊजी अर्धा तास न थांबता बटाटे सोलायचे. आधी कोरड्या हातानं, मग ओल्या, मग तेल लावून, आणि शेवटी डोळे मिटून. मग खिडकीशी जाऊन तळहात उजेडात धरायचे आणि कुठे लाल झालंय ते बघायचे. अंगठ्याच्या बुडाशी मुगाएवढा लाल डाग दिसला तरी सुरी नापास. ताई, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्यापुढे परात आपटून म्हणाली, "सुरी पास होईन तवा होईन, माह्या घरी आठ दिवस झाले आलूचीच भाजी शिजून राह्यली." भाऊजींनी तेवढ्यात तिचा हात हातात घेतला. ताई लाजली. ते म्हणाले, "तुह्या पंजाले पातळ मूठ पाह्यजे."

लोकांचे चेहरे ते विसरत, पण पंजे विसरत नसत. माझा पंजा रुंद, बोटं बुटकी, हे त्यांनी माझ्या लग्नातच माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं. सासरे बराच वेळ विचारात पडले होते. माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा सगळे मुलाचा पगार आणि शेती विचारत होते, आणि हे पाणी प्यायच्या निमित्तानं थेट स्वयंपाकघरात. बाहेर आले ते गंभीर चेहऱ्यानं. परतीच्या वाटेवर म्हणाले, "पोरगं चांगलं आहे, पण घरच्या सुरीची मूठ हालते. कोनाचंच ध्यान नाही." लग्न झालं, चांगलं चाललंय. पण रुखवतात भाऊजींनी मूठ न हलणारी एक सुरी ठेवलीच.

ठेवली म्हणतो, दिली म्हणत नाही. कारण सुरी हातातून हातात देणं त्यांच्या लेखी महापाप होतं. आपल्याकडे मिरची, मीठ, सुरी असं हातोहात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. बाकीचे लोक हे आठवलं तर पाळतात. भाऊजी सुरी जमिनीवर ठेवायचे, दोन पावलं मागे सरकायचे, आणि मग म्हणायचे, "उचला." त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हासुद्धा ते वाकून ठेवत आणि वाकून उचलत. मला हसू यायचं. मी भूगोल शिकवणारा माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

एका दसऱ्याला त्यांच्याकडे गेलो होतो. पाटावर अकरा सुऱ्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला झेंडूचं फूल, हळदकुंकू. एकीवरही कांद्याच्या रसाचा डाग नाही. भाऊजी बारावी, नवी आलेली, हातात धरून मला मुठीबद्दल काही सांगत होते, आणि मी नेहमीच्या उतावळेपणानं ती सरळ त्यांच्या हातातून घेतली. "हातोहात नाही, मास्तर," ते म्हणाले. आणि पंधरा मिनिटांत आमचं जे जुंपलं, ते आठवलं तरी मला माझी लाज वाटते. मी म्हणालो, "भाऊजी, तुम्हाला नदीवर जायचंच नाही. सुरी हा तुमचा बहाणा आहे. उद्या इंद्रानं वज्र आणून दिलं तरी तुम्ही आधी बटाटे सोलाल." ताई दारात उभी होती. भाऊजी पाटावरची फुलं सरळ करत राहिले. मग म्हणाले, "हौ. तुम्ही मास्तर लोक. तुमाले सगळं समजते."

आठ महिने आम्ही बोललो नाही. एका गावात राहून, एकाच भाजीबाजारात फिरून. पण या आठ महिन्यांत भाऊजींनी कुणाजवळही मला दोष दिला नाही. जो तो विचारी त्याला एकच सांगायचे, "मास्तरची गलती नाही. सुरी हातोहात गेलती." मग एका सकाळी आमच्या ओट्यावर कुणीतरी खाकरलं. दार उघडलं तर फरशीवर एक रुंद मुठीची सुरी ठेवलेली, आणि भाऊजी दोन पावलं मागे उभे. "उचला," ते म्हणाले. मी वाकलो. अर्धा तास बटाटे सोलून पाहिले. तळहातावर कुठेही लाल डाग नव्हता. माझा हात त्यांनी माझ्यापेक्षा चांगला पाहिलेला होता.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं आठ दिवसांत परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राही. मी दवाखान्यात गेलो. तीस वर्षं ज्या हातासाठी मूठ शोधली तो हात चादरीवर पडलेला होता, आणि भाऊजी त्याच्याकडे पाहत होते. मग त्यांनी डावा हात उचलला, बोटं उघडली, मिटली, आणि म्हणाले, "मास्तर, आता सुरूपासून पाहा लागते. डाव्याचा पंजा निराळा आहे." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. सांगायला हरकत नाही.

या वेळी दुकानांत फिरणं नव्हतं. माझ्या शाळेतला बिरशाचा एक सहकारी गावाकडे जाताना निरोप घेऊन गेला, तिथल्या लोहारानं ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून पातं घडवून पाठवलं आणि सोबत धावड्याच्या लाकडाची ओबडधोबड मूठ. भाऊजी रोज अंगणात खुर्ची टाकून बसायचे. ताई सुरीच्या पात्याला जाड फडकं गुंडाळून ते गुडघ्यांत धरायची, आणि हे डाव्या हातात काचेचा तुकडा घेऊन मूठ तासायचे. दोनचार वेळा काच ओढायची, मग मूठ धरून पाहायची, मग पुन्हा काच. सगळा पावसाळा आणि दिवाळी त्यात गेली. पौषात एक दिवस मला निरोप आला. गेलो तर भाऊजींनी डावा तळहात माझ्यापुढे धरला. कुठेही लाल नव्हतं. "चला," ते म्हणाले.

ओळखीचा ऑटो केला. लामत्यापर्यंत दोघांच्या कमरेचे टाके ढिले झाले. पुढे काठाकाठानं थोडं चाललो, मी एका हातात प्लास्टिकची खुर्ची आणि दुसऱ्या हातात ताईनं भरून दिलेली पिशवी घेऊन. ते वळण आलं. पाणी कमी होतं, वाळू खूप होती, पलीकडे मोहाची झाडं. भाऊजींनी खुर्चीत बसून डाव्या हाताच्या बोटानं ते हवेत काढून पाहिलं. मग म्हणाले, "मी हे वळन जरा जास्तच गोल काढत होतो."

मी चूल मांडली आणि पिशवी उघडली. पहिल्या डब्यात घरूनच भाजून आणलेलं भरीत. दुसऱ्यात बारीक चिरलेला कांदा. तिसऱ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, तीही चिरलेली. मिरच्यांचे तुकडे. लिंबाच्या फोडी. नवऱ्याच्या हाताला काही होऊ नये म्हणून ताईनं पहाटे उठून कापण्यासारखं जे जे होतं ते सगळं कापून टाकलं होतं. भाऊजींनी एकेक डबा पाहिला. सुरी त्यांच्या मांडीवर होती. "चांगलं केलं तिनं," ते म्हणाले, आणि नदीकडे पाहू लागले.

मला ते सहन होईना. काड्या आणतो म्हणून मी काठ चढून वर गेलो. तिथे एक बाई वाडीत पाणी देत होत्या. मी म्हणालो, "बाई, कापायला काहीतरी द्या." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काहून, खाले नाही पाह्यजे?" मी म्हणालो, खायलाही. त्यांनी झाडावरून तीन मोठे जांब, म्हणजे पेरू, तोडून दिले आणि मी पाठ फिरवेपर्यंत माझ्याकडे संशयानं पाहत राहिल्या.

पण पेरू कापायला दोन हात लागतात. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एका डब्याचं झाकण भाऊजींच्या मांडीवर ठेवून मी त्यावर पेरू घट्ट धरला, आणि त्यांनी डाव्या हातानं सुरी चालवली. "बोटं अंदर घ्या, मास्तर." पातं सरळ खाली उतरलं. फोडी लहानमोठ्या झाल्या, पण झाल्या. मीठ लावून आम्ही खाल्ल्या. दुसरा पेरू कापताना ते म्हणाले, "तुम्ही त्या दसऱ्याले खरंच बोलले होते. मले भेव वाटे. कागदावर हे नदी माही होती. इथं आलो अन् माही नसती निघाली, तर?"

"निघाली का?" मी विचारलं.

"हौ," ते म्हणाले. "लवकर याले पाह्यजे होतं."

तिसरा पेरू राहिला होता. त्यांचा हात दमला होता. त्यांनी पातं फडक्याला पुसलं, सुरी उलटी धरली आणि मूठ माझ्याकडे करून पुढे केली. मी सवयीनं वाट पाहिली, ते खाली ठेवतील म्हणून. वाळू हाताशी होती, फडकं होतं, वाकायचीही गरज नव्हती. त्यांनी ठेवली नाही.

"घ्या, मास्तर," ते म्हणाले. "आता भांडाले टाइम कुठं राह्यला आपल्यापाशी?"

मी ती त्यांच्या हातातून घेतली. त्यानंतर दीड महिन्यानं ते गेले.

बाकीच्या सुऱ्यांना ताई दसऱ्याला फुलं वाहते. ही मात्र तिनं मलाच ठेवायला सांगितली. मी रोज हिनंच कांदा चिरतो. उजव्या हातात धरली की अंगठ्याच्या बुडाशी लाल होतं, म्हणून आता डाव्या हातानं चिरायला शिकतोय. बायको म्हणते, बोट कापून घ्याल. सुरी हातोहात घेतली की भांडण होतंच, असं भाऊजी छातीठोक सांगायचे. नदीवर मी तशीच घेतली होती. आमचं ते भांडण अजून व्हायचं आहे.